रोजचे वाहन आणि शर्यतीची हौस

मनुष्याच्या हाती एखादे साधन आले, की ते आहे तसेच वापरून तो फार दिवस स्वस्थ बसत नाही. शेतकरी नव्या कुऱ्हाडीचा दांडा आपल्या मुठीप्रमाणे तासून घेतो; गवई तंबोऱ्याची जवारी आपल्या कानाप्रमाणे लावून घेतो; लेखक नव्या टाकाचे टोक आपल्या हाताच्या वळणावर आणतो. या फेरफारात कोणास दोष दिसत नाही. किंबहुना विकत घेतलेले साधन खऱ्या अर्थाने आपलेसे करून घेण्याची हीच रीत होय. परंतु ते साधन चाकांवर चालणारे असले, आणि चारचौघांच्या रस्त्यावरून धावणारे असले, म्हणजे प्रश्न इतका सोपा राहत नाही. बेताच्या किमतीची एखादी चपळ मोटार घ्यावी, तिच्या स्प्रिंगा, ब्रेक, टायर, सायलेन्सर बदलावेत, आठवडाभर तिच्यातून कचेरीस जावे, मुलांस शाळेत पोचवावे, आणि सुटीच्या दिवशी तीच गाडी ट्रॅकवर, म्हणजे शर्यतीसाठी बांधलेल्या बंदिस्त मार्गावर, सोडावी, ही हौस आज अनेक सुशिक्षित तरुणांत आढळते. ती योग्य की अयोग्य, आणि योग्य असल्यास तिची मर्यादा कोणती, याचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विचार करताना आमचे लक्ष पुण्यामुंबईकडे न जाता भंडारा जिल्ह्यातील अड्याळकडे जाते, याचे कित्येकांस नवल वाटेल. पवनी तालुक्यातील हे गाव धानाच्या बांध्यांचे आणि तळ्यांचे. यंत्राशी या जिल्ह्याचा संबंध नाही असे नव्हे. भंडाऱ्यापासून दूर नसलेल्या गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखाना असून तेथे अवजड गाड्यांचे गिअरबॉक्स तयार होतात. तथापि आमचे लक्ष तिकडे जाण्याचे कारण निराळे आहे. एकाच वाहनाने रोजचे कामही करावे आणि शर्यतही जिंकावी की काय, हा प्रश्न मोटारी येण्याच्या कितीतरी आधी या झाडीपट्टीत विचारला गेला आहे. त्याचे नाव शंकरपट.

धानाची कापणी-मळणी उरकली, की हिवाळ्यात झाडीपट्टीच्या गावोगावी पट भरतात. बैलजोड्या हलक्या छकड्याला जुंपून आखून दिलेल्या वाटेवर सोडतात, आणि कोणती जोडी किती सेकंदांत पोचली यावर निकाल लागतो. पटाच्या निमित्ताने लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरते, आणि रात्री नाटकांना गर्दी लोटते. ज्याच्या गोठ्यात पटासाठी म्हणून वेगळी जोडी ठेवण्याची ऐपत होती, त्याची गोष्ट वेगळी. परंतु सामान्य शेतकऱ्यापुढे प्रश्न असा असे, की जी जोडी उद्या खासरात धानाची पोती ओढणार आहे आणि मृग लागताच नांगराला जाणार आहे, तीच आज पटावर किती पिटाळावी? हाच प्रश्न आजच्या मोटारवाल्या तरुणापुढे निराळ्या वेषात उभा आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम मोटारीत जे फेरफार होतात त्यांचे स्वरूप पाहू. सामान्य समजूत अशी, की शर्यतीच्या गाडीचा प्रत्येक भाग रोजच्या गाडीच्या भागाहून अधिक चांगला असतो, आणि म्हणून तो रोजच्या गाडीला लावला म्हणजे तीही तितकी चांगली होते. ही समजूत खरी नाही. शर्यतीच्या ब्रेकचे गट्टे पुरते तापल्यावाचून नीट पकड घेत नाहीत. ट्रॅकवर ते सदैव तापलेले असतात, परंतु सकाळी घरातून निघाल्यावर पहिल्याच वळणावर एखादे पोर आडवे आले, तर हेच थंड गट्टे घात करतात. कोरड्या ट्रॅकसाठी केलेल्या टायरांवर खाचा कमी असतात. त्यामुळे कोरड्या जमिनीला ते घट्ट चिकटतात, परंतु आषाढातल्या पावसात त्यांच्याखालचे पाणी बाहेर पडत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी घसरू लागते. कडक स्प्रिंगा गुळगुळीत वाटेवर गाडीला वळणात कलू देत नाहीत. पण खड्ड्याखुड्ड्यांच्या रस्त्यावर त्यांच्यामुळे चाक उसळते, आणि उसळलेले चाक जमिनीवर नसल्याने वळतही नाही व थांबतही नाही. गाडी उलटली तरी चेपू नये म्हणून आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवितात. शिरस्त्राण घातलेल्या मनुष्याला तो तारक असतो. उघड्या डोक्याने बसलेल्या मुलाचे डोके धक्क्यासरशी त्याच नळीवर आदळले, तर तारक तेच मारक होते.

या उदाहरणांचा इत्यर्थ असा, की चांगुलपणा हा गुण त्या वस्तूत नुसता साठवून ठेवलेला नसतो. तो वस्तू आणि प्रसंग यांच्या मेळातून उत्पन्न होतो. ज्वरात लंघन हितकर, म्हणून निरोगी मनुष्याने नित्य उपाशी राहावे असे कोणी म्हणत नाही. म्हणून 'अधिक चांगला भाग' हा शब्दप्रयोगच अपुरा आहे. कोठे चांगला आणि कोणासाठी चांगला, हे दोन प्रश्न त्यापुढे जोडल्यावाचून त्याला अर्थ येत नाही. यांतील दुसरा प्रश्न नीतीचा आहे.

यावर हौशी तरुण म्हणेल, "गाडी आमची, पैसा आमचा, जीवही आमचाच, इतरांना यात बोलण्याचे कारण काय?" हा आक्षेप वाटतो तितका पोकळ नाही. आपल्या जिवाची जोखीम आपण पत्करणे ही गोष्ट समाजाने नेहमीच काही प्रमाणात मान्य केली आहे. गिर्यारोहक ती पत्करतो, पहिलवान पत्करतो, कोळी तर पोटासाठी रोज पत्करतो. परंतु जोखीम खरोखरच आपली एकट्याची आहे काय, हे पाहिले पाहिजे. ट्रॅकवर उतरणारा प्रत्येक जण आपण कोठे आलो आहोत हे जाणून येतो. तेथे समोरून वाहन येत नाही, म्हातारी रस्ता ओलांडत नाही, गुरांचा कळप वाटेत बसत नाही. तेथील धोका उपस्थितांनी वाटून घेतलेला असतो. भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सायकलने शाळेत निघालेल्या मुलीने असा कोणताही करार केलेला नाही. तिची संमती कोणी विचारलेली नाही, आणि विचारली असती तर तिने ती दिलीही नसती. गतीचा वेग दुप्पट झाला, की वाहनातील आघाताची शक्ती चौपट होते. हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे, आणि तो हौशी तरुण व ती मुलगी यांत भेद करीत नाही. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, आणि सरकारी अहवालाप्रमाणे त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या पोटी झाले. मेलेल्यांत असा करार न केलेलेही असंख्य होते, हे सांगावयास नको.

कायद्याने हा भेद आपल्या परीने ओळखला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल मालकास करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक अवैध फेरबदलास पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही सांगितली. सार्वजनिक ठिकाणी सरकारच्या लेखी संमतीवाचून शर्यत लावणे हाही निराळा गुन्हा आहे. कायदा पाळावा हे उघडच आहे. परंतु कायदा पाळला म्हणजे नीतीचा प्रश्न संपला असे मानणारे दोन बाजूंनी चुकतात. जो गाडीत एक खिळाही न बदलता ती भर वस्तीतून पिटाळतो, तो ५२ व्या कलमाचा अपराधी नसला तरी मनुष्यधर्माचा अपराधी आहेच. उलट ज्याने उत्तम टायर घेतले, ब्रेकचे तेल वेळच्या वेळी बदलले, आणि आपली गाडी किती अंतरात थांबते हे बंदिस्त मैदानावर शिकून घेतले, त्याच्या हौसेने रस्ता अधिक सुरक्षितच होतो.

येथे दुसऱ्या टोकाचे लोकही भेटतात. त्यांच्या मते ही सारी हौसच निरर्थक. मोटार ही येथून तेथे जाण्यासाठी आहे, तेवढे काम झाले म्हणजे पुरे. मध्यमवर्गीय घरांत हा उपदेश विशेष ऐकू येतो, कारण हप्ते फेडणाऱ्या बापाला मुलाच्या स्प्रिंगांचा खर्च उधळपट्टी वाटतो. बापाची चिंता खोटी नाही. परंतु त्याचे तत्त्वज्ञान अपुरे आहे. कौशल्याची ओढ ही क्षुद्र वस्तू नव्हे. कॉलिन चॅपमन या इंग्रज तरुणाने १९४८ साली जुन्या ऑस्टिन सेव्हन या गरिबाच्या मोटारीत फेरफार करून आपली पहिली गाडी उभी केली, आणि त्यातूनच पुढे लोटस हा कारखाना निघाला. मिनी ही तर सामान्य कुटुंबासाठी काढलेली चिमुकली गाडी. तिच्या कूपर या सुधारलेल्या आवृत्तीने १९६४, १९६५ आणि १९६७ अशा तीन वर्षी माँटे कार्लोची नामांकित स्पर्धा जिंकली. मधल्या १९६६ साली तीच पहिली आली होती. परंतु तिचे पुढचे दिवे नियमात बसत नाहीत म्हणून तिला बाद करण्यात आले. खेळातसुद्धा फेरफाराला मर्यादा असते, आणि ती दिव्यासारख्या बारीक गोष्टीपर्यंत पोचते, हे यावरून दिसेल. शिवाय जो मनुष्य आपल्या हाताने यंत्र उघडतो, त्याला त्या यंत्राचे दुखणे कळू लागते. आणि जो ट्रॅकवर एकदा घसरला, त्याला आपल्या कौशल्याची सीमा कोठे आहे हे कोणाच्या उपदेशावाचून समजते. ही विनयाची शिकवण घरी बसून मिळत नाही.

मग दोन्ही कामे एकाच वाहनाने करणे इष्ट की अनिष्ट? आता पुन्हा शंकरपटाकडे वळू. बैलांच्या शर्यतींवर आपल्या देशात दीर्घकाळ न्यायालयीन वाद चालला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींना बंदी केली. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर शर्यतींस मुभा दिली. आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. या वादाच्या मुळाशी जो नैतिक प्रश्न होता, तो मोटारीच्या प्रश्नाहूनही तीक्ष्ण आहे, कारण येथे धोका पत्करणारा जो मुख्य जीव, त्याला बोलता येत नाही. मोटारीचे इंजिन तापले तर त्याला वेदना होत नाहीत, बैलाला होतात. संमतीची कसोटी लावली, तर बैल हा त्या सायकलवरील मुलीच्याच पंक्तीला बसतो.

तथापि या प्रश्नात एक गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्याने आपल्या बैलांची खांदशेकणी केली, जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळले, त्या शेतकऱ्याला त्या खांद्यांची किंमत ठाऊक असते. उद्या याच खांद्यांवर आपले वर्ष उभे राहणार आहे, हे तो जाणतो. म्हणून पटाच्या वाटेवरही त्याच्या हाताला एक आवर असतो. हा आवर केवळ भूतदयेचा असतो असे आम्ही म्हणत नाही. त्यात स्वार्थही असतो. पण तो स्वार्थ योग्य जागी बसलेला आहे. उलट जी जोडी केवळ पटासाठी घेतली आणि केवळ बक्षिसासाठी पोसली, तिला नांगराचा 'उद्या' नसतो. तिचा सारा अर्थ त्या काही सेकंदांत साठवलेला असतो, आणि ज्या वस्तूचा सारा अर्थ काही सेकंदांत साठला, तिच्याशी मनुष्य त्या काही सेकंदांत काय करील याचा नेम नाही. अशी जोडी प्रेमाने सांभाळणारे मालक आहेतच. परंतु तेथे आवर केवळ मालकाच्या स्वभावावर अवलंबून राहतो. रोजचे काम जो आवर आपोआप घालते, तो तेथे नाही.

आमच्या विवेचनाचा गाभा तो हाच. रोजचे काम हे हौसेचे शत्रू आहे अशी समजूत आहे; वस्तुतः ते हौसेचे रक्षक आहे. ज्या गाडीतून उद्या आईला दवाखान्यात न्यावयाचे आहे, त्या गाडीत बापालेकांनी कोणते बदल करावेत हे त्या आईच्या गुडघ्यांनी, मानेने आणि भीतीनेही ठरविले पाहिजे. ती शेजारच्या आसनावर बसली असता जो बदल आपण निःसंकोचपणे समजावून सांगू शकतो, तो बहुधा योग्य असतो; जो तिच्यापासून लपवावा लागतो, तो बहुधा अयोग्य असतो. श्रीमंत मनुष्य शर्यतीसाठी निराळी गाडी ठेवील आणि ती दुसऱ्या वाहनावर घालून ट्रॅकपर्यंत नेईल. त्यात दोष नाही. किंबहुना रस्त्याच्या दृष्टीने तोच सर्वांत निर्मळ मार्ग होय. परंतु मध्यम स्थितीतील मनुष्याला एकच गाडी परवडते. या एका गाडीच्या बंधनातच त्याला एक शिस्त फुकट मिळते, तिचा त्याने कंटाळा करू नये.

ही शिस्त व्यवहारात कशी पाळावी, याचा एक चांगला नमुना जपानी कारागिरांनी घालून दिला आहे. २०१२ साली टोयोटा आणि सुबारू या कारखान्यांनी मिळून बेताच्या किमतीची, दोन दारांची, ठेंगणी अशी कूपे घाटाची गाडी काढली. तिचे इंजिन दोन लिटरचे, शक्ती सुमारे दोनशे अश्वांची. आणि प्रियस या काटकसरी गाडीला असतात त्याच जातीचे साधे टायर तिला मुद्दाम दिले, की चालकाला गाडीच्या पकडीची सीमा फार वेग न गाठताही कळावी. पण आम्हांस सर्वांत अर्थपूर्ण वाटते ती निराळीच गोष्ट. तिचे मागचे आसन दुमडले, की आत चार जादा चाके मावतात. रोजच्या टायरांवर गाडी ट्रॅकपर्यंत जावी, तेथे शर्यतीची चाके चढवावीत, खेळ संपल्यावर ती उतरवून पुन्हा साध्या चाकांवर घरी परतावे, ही त्यामागील योजना. देवळात शिरताना आपण पायताण उंबऱ्याबाहेर काढतो, त्यातील विवेक याच जातीचा आहे. प्रत्येक जागेचा एक आचार असतो, आणि तो बदलण्याचे ठिकाण उंबरा हेच होय. यावरून फेरफारांचे तीन वर्ग सहज पडतात. जे दोन्हीकडे हितकर आहेत, जसे ताजे ब्रेकचे तेल, चांगले आसन, चालकाचे रीतसर शिक्षण, ते आधी करावेत. जे केवळ ट्रॅकवर हितकर आहेत पण उंबऱ्यावर उतरविता येतात, ते तेथेच चढवून तेथेच उतरवावेत. आणि जे उतरविता येत नाहीत व रस्त्यावर परक्याला जाचतात, त्यांचा मोह सोडावा. गावभर गर्जणारा उघडा सायलेन्सर हा या तिसऱ्या वर्गाचा मुकुटमणी आहे. त्याने मालकाचा वेग फारसा वाढत नाही, शेजारच्या आजाऱ्याची झोप मात्र खचित जाते.

परंतु सारा भार तरुणांच्या विवेकावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, आणि २०११ साली सुरू झालेले ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट ही आपल्या देशातील प्रमुख स्थाने. भंडाऱ्याच्या तरुणाला यांतील कोणतेही गाठावयाचे तर सुमारे हजार किलोमीटरांचा किंवा त्याहून अधिक प्रवास करावा लागतो. उंबरा हजार किलोमीटर दूर असला, म्हणजे पायताण घरातच फिरू लागते. नागपुराहून निघणारा समृद्धी महामार्ग जवळ आहे, रुंद आहे, गुळगुळीत आहे. तेथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा असली, तरी मोह व्हावयाचा तो होतोच. या बाबतीत आमच्या मते खेड्याने शहराहून अधिक शहाणपण दाखविले आहे. पट भरवावयाचा तर गाव बाजाराच्या रस्त्यावर बैल सोडीत नाही. पीक निघालेल्या मोकळ्या जमिनीवर वाट आखतो, दिवस ठरवितो, प्रेक्षकांना कडेला उभे करतो, आणि मग वेगाला वाट मोकळी करून देतो. वेगाची ओढ मनुष्याच्या ठिकाणी आहे हे गावाने मान्य केले, आणि म्हणूनच तिला जागा व वेळ नेमून दिली. शहराने ती ओढ नाकारली आणि जागाही दिली नाही. परिणामी ती मध्यरात्री रस्त्यावर प्रकट होते. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण जीव घेतले, ही घटना महाराष्ट्र अद्याप विसरलेला नाही. ती गाडी बेताच्या किमतीची नव्हती आणि तेथे प्रश्न फेरफाराचाही नव्हता. प्रश्न होता तो रस्त्यालाच मैदान समजण्याचा.

नगरपालिका, विद्यापीठे, विमानतळांच्या पडीक धावपट्ट्या यांकडून वर्षातून काही दिवस तरी बंदिस्त जागा मिळावी, तेथे शिक्षक असावेत, रुग्णवाहिका असावी, आणि साध्या गाडीतल्या तरुणालाही बेताच्या शुल्कात आपली हौस पुरवता यावी, ही मागणी चैनीची नाही. जी ओढ नाहीशी करता येत नाही तिला सुरक्षित जागा देणे हे समाजाचे कर्तव्यच आहे. ते समाजाने केले, म्हणजे त्या जागेबाहेर तिला आवर घालण्याचा त्याचा अधिकारही बळकट होतो.

जागा मिळेपर्यंत, आणि मिळाल्यावरही, हौशी तरुणाने आपल्या गाडीचे नियत काम विसरू नये. गाडी शनिवारी किती वेगाने धावली हे मोजण्यास सेकंदकाटा पुरतो. ती सोमवारी सकाळी कोणाला घेऊन, कोणत्या रस्त्याने, कोणाच्या शेजारून जाणार आहे, हे मात्र तिचा मालक होऊ पाहणाऱ्याने पान्हा हाती घेण्यापूर्वीच मनाशी मोजले पाहिजे.